कुठलं सफरचंद, कुठल्या महिन्याचं?

सफरचंद तोडायला झालं की नाही, हे पाहण्याची बागायतदारांची एक साधी रीत आहे. फळ आडवं कापायचं आणि कापलेल्या भागावर आयोडीनचं पातळ द्रावण लावायचं. कच्च्या फळात स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे गर बघता बघता काळानिळा पडतो. झाडावर फळ पिकत जातं तसतशी या स्टार्चची साखर होते, आणि हा बदल आतून बाहेर सरकत येतो. आधी बियांच्या घराभोवतीचा भाग पांढरा राहतो, मग तो पांढरेपणा सालीच्या दिशेनं पसरतो आणि शेवटी सालीलगत काळी कड तेवढी उरते. लगेच विकायचं फळ या शेवटच्या अवस्थेच्या जवळपास तोडतात. सहा-आठ महिने शीतगृहात ठेवायचं फळ मात्र बराचसा गर काळा पडत असतानाच उतरवावं लागतं, कारण झाडावर पूर्ण पिकलेलं फळ इतका काळ टिकत नाही. बाहेरून दोन्ही फळं सारखीच लालभडक असू शकतात. म्हणजे गाडीवरच्या लाल रंगावरून फळाच्या आतलं काहीच कळत नाही, आणि आपण तर नेमके त्या रंगालाच पैसे मोजतो.

आंबा घेताना आपण असं करत नाही. हापूस की पायरी, देवगडचा की रत्नागिरीचा, पाडाचा की अढीतला, हे विचारल्याशिवाय पेटी घरात येत नाही आणि ऑगस्टमध्ये हापूस मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. सफरचंदाच्या बाबतीत आपली माहिती ‘सिमला, काश्मीर, वॉशिंग्टन’ या तीन शब्दांत आटोपते, आणि ही तिन्ही ठिकाणांची नावं आहेत, जातींची नाहीत. वर्षभर मिळतं म्हणून ते बारमाही फळ आहे असं आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात सफरचंदाच्या प्रत्येक जातीला तिचा महिना असतो. काही जाती तोडल्या आठवड्यात उत्तम लागतात, काही दोन महिने ठेवल्यावर खुलतात, तर काही पंधरा दिवसांत पिठूळ होतात. जात आणि महिना या दोन गोष्टी गिऱ्हाईक विचारू लागलं, तर त्याला चांगलं फळ कमी पैशात मिळेल आणि चवीसाठी मेहनत घेणाऱ्या बागायतदारालाही त्याचा मोबदला मिळेल. पण या प्रश्नांची खरी उत्तरं मिळायची, तर विकणारा माणूस पिकवणाऱ्याच्या जवळचा हवा. शेतकऱ्यांच्या बाजाराचं महत्त्व मला मुख्यतः इथे वाटतं. ताजेपणा आणि स्वस्ताई त्यानंतर येतात.

याचा चांगला दाखला न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथे १९७६ साली बॅरी बेनेपे आणि बॉब लुईस यांनी ‘ग्रीनमार्केट’ नावानं शेतकऱ्यांचे बाजार सुरू केले. त्यातला युनियन स्क्वेअरचा बाजार पुढे सर्वांत नावारूपाला आला. नियम कडक होता: जे स्वतः पिकवलं तेच विकायचं, घाऊक बाजारातून आणलेला माल ठेवायचा नाही. न्यूयॉर्क राज्य सफरचंदांचं मोठं आगर आहे आणि हडसन नदीचं खोरं शहराला लागूनच. त्यामुळे या बाजारात जुलैपासून सफरचंदांचा क्रम डोळ्यांसमोर उलगडत जातो. आधी लवकर येणारी, पातळ सालीची, आंबटसर फळं. मग ऑगस्टअखेर ‘पॉला रेड’. सप्टेंबरात ‘मॅकिंटॉश’, ‘गाला’, ‘हनीक्रिस्प’. ऑक्टोबरात ‘एम्पायर’, ‘जोनागोल्ड’, ‘नॉर्दर्न स्पाय’. आणि सर्वांत शेवटी ‘न्यूटाउन पिपिन’ किंवा ‘गोल्डरश’. ही शेवटची दोन तोडल्या दिवशी काहीशी कडक आणि आंबट लागतात, पण थंडीत ठेवली की गोडी चढत जाते. या सगळ्यांत ‘मॅकून’ची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. न्यूयॉर्क राज्याच्या जिनिव्हा येथील संशोधन केंद्रानं १९३२ मध्ये ही जात दिली. चवीला ती फार सुरेख, पण फळ वेळेआधी झाडावरून गळतं आणि साठवणीत फार दिवस चांगलं राहत नाही. मोठ्या दुकानांच्या साखळीला असं फळ परवडत नाही. तरीही ती जात टिकली, ती मुख्यतः बागेत आणि शेतकऱ्यांच्या बाजारात थेट विकली जाते म्हणून. शरद ऋतूतल्या त्या मोजक्या आठवड्यांची वाट पाहणारी गिऱ्हाइकं तिला आहेत.

या उलटची गोष्ट ‘रेड डेलिशियस’ची, आणि ती आपल्या जास्त कामाची आहे, कारण भारतातला सफरचंदाचा व्यवसाय मुख्यतः याच घराण्यावर उभा राहिला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत हे झाड आपसूक उगवलं. सफरचंदाच्या बीपासून आईसारखं झाड येत नाही, प्रत्येक रोप वेगळं निघतं. त्यामुळे चांगलं निघालेलं झाड कलमानंच वाढवावं लागतं. मिसुरीतल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेनं १८९० च्या दशकात या झाडाचे हक्क घेतले आणि त्याला ‘डेलिशियस’ हे नाव दिलं. मूळ फळ पिवळसर अंगावर लाल रेघा असलेलं, थोडं गोलसर होतं. पुढे कुठल्या झाडाच्या एखाद्या फांदीला जास्त लाल फळं आली की त्या फांदीची कलमं करायची, त्यातून आणखी लाल फांदी सापडली की तिची, असं अनेक दशकं चाललं. फळ आधी लवकर रंगू लागलं, मग सगळं अंग लाल झालं, साल जाड झाली, आकार देखणा आणि उंच झाला. चव मात्र कुणी निवडतच नव्हतं. रंग लवकर येत असल्यामुळे फळ पिकण्याआधी तोडण्याचा मोहही वाढला. शेवटी अमेरिकी गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, आणि दशकानुदशकं पहिल्या क्रमांकावर असलेल्या या जातीला २०१८ च्या सुमारास ‘गाला’नं मागे टाकलं.

भारतात ही जात आणली सॅम्युअल स्टोक्स यांनी. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिमाचलात आला आणि सिमल्याच्या वरच्या बाजूला कोटगढ भागात कायमचा राहिला. पुढे ते सत्यानंद झाले आणि स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगातही गेले. इंग्रजांनी त्या डोंगरांत आधी लावलेल्या जाती आंबटसर होत्या. स्टोक्स यांनी १९१६ मध्ये स्टार्क बंधूंकडची गोड ‘डेलिशियस’ची रोपं आणून लावली, आणि डोंगराळ, गरीब मुलखाचं अर्थकारणच बदललं. आज हिमाचलात शाळा, घरं, लग्नं उभी आहेत ती या फळावर. त्यामुळे या जातीला नावं ठेवणं हा माझा हेतू नाही. उंचावरच्या बागेतलं, वेळेवर तोडलेलं ‘रॉयल डेलिशियस’ सप्टेंबरात खाऊन पाहिलं तर त्याची गोडी आणि वास दोन्ही मनात भरतात. तक्रार आहे ती त्याचं मोल ठरवण्याच्या पद्धतीबद्दल. शीतगृहांसाठी माल घेणाऱ्या कंपन्या हिमाचलात हंगामाचे दर जाहीर करतात, ते फळाचा आकार आणि लाल रंगाची टक्केवारी यांवर: ८० ते १०० टक्के लाल असेल तर वरचा दर, ६० ते ८० टक्के असेल तर त्याखालचा, आणि त्याहून फिकं असेल तर आणखी कमी. मग रंगासाठी आटापिटा होणारच. सुरुवातीचा चढा भाव पकडायला इथेफॉन हे रसायन फवारून रंग आणण्याचे प्रकार होतात, आणि असं फळ लाल दिसलं तरी लवकर मऊ पडतं. मुंबई-पुण्यातल्या गिऱ्हाइकाला लालच हवं, असं अडत्या सांगतो. गिऱ्हाइकाला दुसरं काही विचारता येतं, हे त्याला कुणी दाखवून दिलेलं नाही.

एकाच जातीवर भर देण्याची किंमत बागेतही मोजावी लागते. डेलिशियसचं झाड आपल्याच जातीच्या परागानं नीट फळत नाही. मध्ये ‘गोल्डन डेलिशियस’, ‘रेड गोल्डन’ किंवा ‘टायडमन’ यांसारखी परागासाठीची झाडं ठेवावी लागतात, फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणाव्या लागतात. पिवळ्या सफरचंदाला भाव कमी म्हणून ती झाडं कमी ठेवली की लाल फळांचंही उत्पन्न घटतं. काश्मीरची हानी याहून मोठी आहे. देशातलं जवळजवळ तीन चतुर्थांश सफरचंद, म्हणजे साधारण २० लाख टन, तिथून येतं, आणि बहुतेक माल डेलिशियसच्या कुळातला असतो. तिथलं स्वतःचं फळ ‘अंबरी’. त्याचा सुगंध विलक्षण, गर करकरीत, आणि ते ऑक्टोबरात उतरवून थंड खोलीत ठेवलं की कित्येक महिने टिकतं. यंत्राची शीतगृहं नव्हती तेव्हा काश्मिरी घरांत हिवाळा या फळावर निघायचा. पण झाड फळाला यायला बरीच वर्षं लागतात, रंग रेघांचा आणि फिकट, त्यामुळे घाऊक बाजारात ते मागे पडलं आणि बागांतून त्याच्या जागी डेलिशियस आलं. तिथल्या कृषी विद्यापीठानं अंबरी आणि रेड डेलिशियसच्या संकरातून ‘लाल अंबरी’ काढली. नावातच रंग घालावा लागला, यावरून बाजाराचा दाब किती आहे ते कळतं.

हा सगळा क्रम मराठी घराच्या उपयोगाचा करून घेता येतो. जुलैत येतात त्या हिमाचलच्या खालच्या पट्ट्यातल्या लवकरच्या जाती आणि काश्मीरचं ‘हजरतबली’. ही फळं आंबटगोड, रसाळ, पण आणल्या आठवड्यात संपवायची. ऑगस्टात ‘गाला’ आणि मग ‘रॉयल डेलिशियस’चा मुख्य बहर, म्हणजे गणपती ते नवरात्र हा सिमल्याच्या सफरचंदाचा उत्तम काळ. सप्टेंबरात ‘गोल्डन’, ज्याच्याकडे आपण पिवळं म्हणून ढुंकून पाहत नाही. देठाजवळ तपकिरी खरखरीत डाग असले तरी ते फळ सडकं नसतं, त्या जातीची ती खूण आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात काश्मीरचं डेलिशियस, आणि दिवाळीच्या सुमारास हिमाचलच्या किन्नौरचा माल. किन्नौर उंच, कोरडं आणि थंड. तिथलं फळ सावकाश वाढतं, म्हणून घट्ट, गोड आणि टिकाऊ असतं. काश्मीरचं ‘महाराजी’ सर्वांत उशिरा येतं, चांगलंच आंबट. मुरंबा, चटणी, भाजी यांना ते नुसतं खायच्या गोड फळापेक्षा केव्हाही सरस. मार्च ते जून गाडीवर दिसतं ते एक तर शीतगृहातलं असतं, नाही तर न्यूझीलंड, चिलीसारख्या दक्षिण गोलार्धातल्या देशांतलं, जिथे त्याच महिन्यांत हंगाम असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शीतगृहातलं फळ वाईट असतं हे कुणी ठरवलं? केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की खोलीतला प्राणवायू कमी करून कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवला तर सफरचंदाचा श्वास मंदावतो आणि ते महिनोन् महिने टिकतं. आजच्या शीतगृहांत प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आणतात, तापमान शून्याच्या आसपास ठेवतात, आणि फळ पिकवणाऱ्या इथिलिन वायूचा परिणाम रोखणारं एक रसायन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वापरात आलं आहे. यात घातक असं काही नाही. सालीवरच्या मेणाचीही भीती उगाच पसरवली जाते. सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतंच, ते धुताना जातं म्हणून वरून खाण्यायोग्य मेणाचा थर देतात. तंतुमय द्रव्यं साठवणीत नाहीशी होत नाहीत, आणि ‘क’ जीवनसत्त्व सफरचंदात मुळातच थोडं. त्यासाठी आवळा किंवा पेरू खावा. हे सगळं मला मान्य आहे. पण साठवणीनं टिकतो तो मुख्यतः करकरीतपणा. सुगंध देणारी द्रव्यं फळ पिकताना तयार होतात, आणि पिकणं रोखणं हेच तर साठवणीचं काम. म्हणून मे महिन्यातलं फळ दाताखाली कुरकुरतं आणि तोंडात फारसं काही उरत नाही. शीतगृहातून बाहेर आल्यावर गाडीवर उन्हात चार दिवस राहिलं की तेही जातं आणि फळ पिठूळ होतं. शीतगृहातलं फळ खाऊ नये, असं माझं म्हणणं नाही. ते शीतगृहातलं आहे आणि केव्हा तोडलेलं आहे हे गिऱ्हाइकाला कळावं. ऑगस्ट ते नोव्हेंबर ताजं फळ बाजारात असताना, तुलनेनं स्वस्त असताना, आपण ते आणि मेमधलं महाग फळ एकच समजून घेतो, यात नुकसान आपलंच आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. सगळा माल एकाच वेळी आला की भाव पडतो. साठवण असेल तर बागायतदार थांबू शकतो. बरोबर आहे, आणि साठवण शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या हातात असेल तर तिचं स्वागतच करावं. परंतु पिकाच्या मानानं ही क्षमता अजून थोडी आहे आणि तिच्यातली बरीचशी खरेदीदारांच्या ताब्यात आहे, त्यामुळे थांबण्याचा फायदा बहुतेकदा थांबू शकणाऱ्यालाच होतो. लहान बागायतदाराला फळ काढल्या आठवड्यात विकावंच लागतं. त्याचा तोटा कशानं होतो ते २०२५ च्या हंगामात स्पष्ट दिसलं. पावसानं आणि दरडींनी श्रीनगर-जम्मू महामार्ग बंद पडला, सफरचंदांचे ट्रक दिवसेंदिवस अडकले आणि माल रस्त्यातच सडला. त्यानंतर बडगामहून दिल्लीपर्यंत रेल्वेची पार्सल गाडी सुरू झाली. अशा वेळी दूरच्या शहरांतल्या गिऱ्हाइकानं हंगामात, नाव विचारून, जास्त फळ घेणं याचा भावावर होणारा परिणाम शीतगृहाइतकाच खरा असतो. गिऱ्हाईक चवीला पैसे देत नाही असंही म्हणतात. अमेरिकेतल्या ‘हनीक्रिस्प’नं ते खोटं ठरवलं. मिनेसोटा विद्यापीठानं १९९१ मध्ये दिलेली ही जात एकसारखी लाल नाही, पिकवायला कटकटीची आहे, तरी नाव घेऊन मागणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे ती तिथल्या सर्वांत महाग सफरचंदांत जाऊन बसली.

तिसरा आक्षेप असा की महाराष्ट्रात बसून ‘स्थानिक’ सफरचंदाची भाषा कशाला? सिमल्याहून मुंबई सतराशे-अठराशे किलोमीटर, श्रीनगरहून दोन हजारांच्या वर. आणि अंतर कमी म्हणजे प्रदूषण कमी, हेही नेहमी खरं नसतं. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठाच्या २००६ च्या अहवालात, ब्रिटनमध्ये पिकवून महिनोन् महिने साठवलेल्या सफरचंदापेक्षा न्यूझीलंडहून जहाजानं आलेल्या सफरचंदाला एकूण ऊर्जा कमी लागते, असा निष्कर्ष निघाला होता. त्या निष्कर्षावर वाद झाले, तरी त्यातला एक मुद्दा आपल्या बाजूचा आहे: साठवणीलाही ऊर्जा लागते, म्हणून महिना महत्त्वाचा. अंतराबाबत मी हट्ट धरणार नाही. कोकणातला हापूस दिल्लीत जातो तेव्हा तो तिथला होत नाही, तरी देवगडचं नाव सांगून विकला जातो. सफरचंदालाही तेवढंच हवं आहे.

हे आपल्या बाजारांत होऊ शकतं. राज्यानं २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, आणि कृषी पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. ऑगस्ट ते नोव्हेंबर अशा बाजारांत हिमाचल-काश्मीरच्या उत्पादक संस्थांना जागा दिली आणि पेटीवर जात, गाव व तोडणीचा महिना लिहिणं सक्तीचं केलं, तर फार काही खर्च नाही. हिमाचलनं २०२४ पासून सगळ्या मालासाठी एकाच मापाची पेटी लागू केली. त्याच पेटीवर या तीन ओळी छापता येतील. तोवर गिऱ्हाइकाच्या हातात थोड्या खुणा आहेत. लाल रंगाच्या मधून दिसणारा तळाचा रंग पाहावा, विशेषतः देठाच्या खळग्यात आणि बुडाशी: तो हिरवा असेल तर फळ कच्चं तोडलेलं, पिवळसर असेल तर झाडावर पिकलेलं. हातात जड लागेल ते घ्यावं. अंगठा हलकेच दाबून दबलेलं वाटलं तर ते सोडावं.

आणि आता महाराष्ट्राच्या मातीतलंही सफरचंद येऊ लागलं आहे. डेलिशियसला हिवाळ्यात ७ अंशांखालचे हजाराहून अधिक तास लागतात; हवामान तापतंय तसे हिमाचलच्या खालच्या पट्ट्यातले बागायतदारही डाळिंबासारख्या पिकांकडे वळत आहेत. उलट इस्रायलमधून आलेली ‘ॲना’, किंवा हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’, या जाती थोड्या थंडीवर भागवतात, आणि आपल्याकडच्या काही शेतकऱ्यांनी त्या लावल्या आहेत. त्यांचं फळ जूनच्या आसपास तयार होतं, म्हणजे हिमालयातला माल बाजारात यायच्या आधी. किन्नौरच्या फळाची घट्ट गोडी त्यात शोधू नये. ते हलकं, आंबटगोड आणि उन्हाळ्यात पिकल्यामुळे लवकर मऊ पडणारं आहे. घाऊक बाजारात गेलं तर आकारानं आणि रंगानं ते मार खाईल. जवळच्या आठवडे बाजारात, तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत, ‘ॲना, जून’ अशी पाटी लावून आणि तालुक्याचं नाव लिहून ते विकलं गेलं, तर त्या महिन्यात त्याच्याशी स्पर्धा करायला शीतगृहातलं आणि परदेशी फळ तेवढं उरतं.